सेल नाही, रोज चावी नाही, तरी चालतं कसं? जुनं सिको फाईव्ह समजून घेऊया

सध्या फोन उघडला की जुन्या घड्याळांचे रील्स सुरू होतात. भडक लाल डायल, पोपटी डायल, मोरपिशी डायल, खाली लिहिलेलं "विंटेज सिको ५, ऑटोमॅटिक, मेड इन जपान", आणि किंमत दोन-तीन हजार. आपल्या बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तर हे फोटो सारखे फिरतात, कारण दांडिया बाजार असो की कारेलीबाग, कितीतरी घरांत कपाटाच्या आतल्या खणात एखादं जुनं सिको पडलेलं असतं, आजोबांचं, मामांचं, कुवेतहून आलेल्या कुणा काकांचं. मग प्रश्न सुरू होतात. यात सेल नसतो म्हणे, मग चालतं कशावर? आमचं खरं की खोटं? ऑनलाईन घेऊ का? दुरुस्त होईल का, आणि करून उपयोग काय?

मी या घड्याळांच्या मागे बरीच वर्षं आहे म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहितोय, अगदी पहिल्यापासून. आणि माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील: जुन्या सिकोची किंमत ते चकाचक दिसण्यात नाही, ते जसं कारखान्यातून निघालं तसं राहण्यात आहे. बाकी सगळं त्यावरूनच ठरतं.

मग ताकद येते कुठून?

ऑटोमॅटिक म्हणजे स्वतःची चावी स्वतः भरणारं घड्याळ, बस. आत एक लांब पातळ स्टीलची पट्टी गुंडाळून एका गोल डबीत बसवलेली असते, ती मेन स्प्रिंग. ती आवळली की उलगडायला बघते आणि त्या उलगडण्याच्या जोरावर चाकं फिरतात. जुन्या एचएमटी जनताला रोज सकाळी चावी द्यायचे ना घरातली मोठी माणसं, ते म्हणजे हीच पट्टी आवळणं. ऑटोमॅटिकमध्ये हे काम रोटर करतो. रोटर म्हणजे अर्ध्या चकतीच्या आकाराचं एक वजन, मशीनच्या मागच्या बाजूला मधोमध अडकवलेलं आणि मोकळं फिरणारं. तुम्ही हात हलवला, भाजी चिरली, स्कूटर चालवली, की जड बाजू खाली यायला बघते, रोटर फिरतो आणि बारीक चाकांमधून ते फिरणं मेन स्प्रिंगपर्यंत पोचतं. घड्याळ कानाशी धरून हलवलं की आत काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज येतो, लोक घाबरतात की काहीतरी सुटलंय, तर तो हा रोटर असतो.

कल्पना जुनी आहे. स्विस कारागीर अब्राहम-लुई पेर्ले यांनी १७७० च्या दशकात अशी खिशातली घड्याळं बनवली होती, पण खिशातलं घड्याळ हलतं किती? खरी सोय मनगटावर आली तेव्हा झाली. जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने १९२० च्या दशकात मनगटी ऑटोमॅटिकचं पेटंट घेतलं, त्यात वजन पूर्ण फिरत नव्हतं, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परत यायचं. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला.

सिकोचं पहिलं ऑटोमॅटिक १९५६ चं, पण त्यांनी खरी कमाल १९५९ मध्ये केली, मॅजिक लिव्हर नावाच्या भागाने. अडचण अशी होती की रोटर कधी डावीकडे फिरतो कधी उजवीकडे, पण स्प्रिंग तर एकाच दिशेने आवळली पाहिजे, आणि यासाठी बाकीचे लोक बरेच सुटे भाग वापरायचे. सिकोने एक छोटीशी दोन बोटांची लिव्हर केली. रोटर कुठल्याही दिशेने फिरो, ही लिव्हर पुढेमागे सरकते, एक बोट चाकाचा दात ओढतं आणि दुसरं ढकलतं, म्हणून चाक कायम एकाच दिशेने पुढे जातं. भाग कमी, म्हणून स्वस्त, म्हणून बिघाड कमी. साठ वर्षं उलटून गेली तरी सिकोच्या साध्या ऑटोमॅटिकमध्ये आजही हीच युक्ती आहे. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वात सुंदर भाग हा आहे, मागचं झाकण उघडलेलं असेल तर जरूर बघा.

पण वेळ नक्की कोण मोजतं?

नुसती स्प्रिंग सोडली तर ती भर्रकन उलगडून मोकळी होईल आणि काटे गरगर फिरतील. तिला थांबवून थांबवून सोडणारं कुणीतरी हवं. इथे आपल्या बडोद्याच्या घरातला झोपाळा डोळ्यासमोर आणा. झोपाळ्याला हलका झोका द्या नाहीतर थोडा जोरात द्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आणि पायाने दरवेळी अगदी हलका रेटा दिला की तो थांबत नाही. घड्याळात झोपाळ्याचं काम करतं बॅलन्स नावाचं छोटं चाक, त्याला केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग जोडलेली असते, ती त्याला एकदा इकडे एकदा तिकडे झुलवते. पायाने रेटा देण्याचं काम एस्केपमेंट करतं: बॅलन्स एका बाजूला गेला की चाकांच्या रांगेला एक दात पुढे जाऊ देतं, आणि जाताजाता बॅलन्सला एक हलका धक्का देतं. तोच आपल्याला ऐकू येणारा टिकटिक आवाज.

सिको फाईव्हमध्ये बहुतेक वेळा तासाला २१,६०० टिक होतात, म्हणजे सेकंदाला ६. म्हणून त्याचा सेकंद काटा सेलच्या घड्याळासारखा टक टक थांबत जात नाही, जवळजवळ सरकत जातो. दिवसाचे झाले ५ लाख १८ हजार ४०० टिक, वर्षाचे जवळपास १९ कोटी. आता १९७१ चं घड्याळ अजून चालत असेल तर हिशोब तुम्हीच करा.

डायलवर १७ ज्वेल्स लिहिलंय, म्हणजे आत माणिक आहेत?

आहेत, पण विकायला जाऊ नका. ती कृत्रिम माणकं असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नोई यांनी १९०२ मध्ये कारखान्यात माणिक बनवायची पद्धत जाहीर केली आणि तेव्हापासून घड्याळात हीच वापरली जातात. कारण साधं आहे. चाकांच्या दांड्यांची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढी बारीक असतात, ती पितळेच्या भोकात वर्षानुवर्षं फिरली तर भोक झिजून लांबुळकं होतं. माणिक खूप कडक आणि गुळगुळीत, झिजत नाही, तेलही धरून ठेवतं. जास्त ज्वेल म्हणजे भारी घड्याळ असंही नाही, चांगल्या ऑटोमॅटिकला १७ पुरतात, २१ ही चालतात.

आणि जास्त चावी भरली तर स्प्रिंग तुटणार नाही?

हा प्रश्न खूप जण विचारतात, कारण चावीच्या घड्याळात "पुरे, आता तुटेल" हे ऐकत आपण मोठे झालो. ऑटोमॅटिकमध्ये मेन स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीला पक्कं बांधलेलं नसतं, ते डबीच्या भिंतीला नुसतं दाबून बसलेलं असतं. पूर्ण भरली की टोक भिंतीवरून थोडं घसरतं आणि परत पकड घेतं. म्हणजे दिवसभर गरबा खेळलात तरी काही होणार नाही. पूर्ण भरलेलं चांगलं घड्याळ काढून ठेवलं तर साधारण ४० तास चालतं, शनिवारी रात्री काढलं तर सोमवारी सकाळी चालू मिळायला हवं.

हे बनवलं कुणी?

टोकियोत किंतारो हातोरी नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने १८८१ मध्ये घड्याळांचं दुकान टाकलं, विक्री आणि दुरुस्ती. १८९२ मध्ये सेइकोशा नावाचा कारखाना सुरू केला, आधी भिंतीवरची घड्याळं, मग १८९५ मध्ये खिशातलं. त्याच दशकात हातोरीने टोकियोच्या गिन्झा भागात आपल्या दुकानावर घड्याळाचा टॉवर उभा केला. आपला रावपुऱ्याचा टॉवर, महाराज सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ बांधलेला, तो १८९६ चा. म्हणजे बडोदा आणि टोकियो दोन्हीकडे लोक एकाच सुमारास मान वर करून वेळ बघायला लागले होते, मला ही गोष्ट फार आवडते. गिन्झाचा आत्ताचा टॉवर मात्र नंतरचा, १९३२ चा.

१९१३ मध्ये लॉरेल आलं, जपानमध्ये बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ. आणि मग १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोचा मोठा भूकंप झाला, पाठोपाठ आग, कारखाना जळून गेला, दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकांची सुमारे १,५०० घड्याळंही त्यात गेली. हातोरीने पेपरात जाहिरात दिली की ज्यांची घड्याळं आमच्याकडे होती त्यांनी या, आणि त्या सगळ्यांना तशीच नवी घड्याळं फुकट दिली. कारखाना उभा करायचा होता, पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असणारच, तरी दिली. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, डायलवर पहिल्यांदा सिको हे नाव छापलं गेलं. कंपन्यांच्या इतिहासात गोडगोड गोष्टी खूप असतात, पण ही गोष्ट मला त्या नावाचा पाया वाटते.

नंतर या घराण्याच्या दोन शाखा झाल्या, टोकियोची दाइनी आणि डोंगराळ नागानो भागातली सुवा. घड्याळांवर नाव एकच, पण दोघांचे इंजिनिअर वेगळे, मशीन वेगळी, आणि आपसात चांगलीच चढाओढ. सिको फाईव्ह दोघांनीही बनवलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी वेळ कागदावर छापून देणारं यंत्र करण्यात सुवाचा मोठा वाटा होता, त्यातूनच पुढे छोटे प्रिंटर आले, आणि आज आपल्या ऑफिसात जो एपसनचा प्रिंटर असतो ती कंपनी म्हणजे ह्याच सुवाची पुढची पिढी.

पाच म्हणजे काय पाच?

१९६३ मध्ये सिकोने स्पोर्ट्समॅटिक ५ काढलं. पाच गोष्टी एकाच घड्याळात देऊ असं वचन होतं: ऑटोमॅटिक, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्याला दाद न देणारं, चावी चारच्या आकड्याशी आत दबलेली, आणि केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी) व चेन दोन्ही मजबूत. चावी चारला का, तर रोज हात लावायची गरजच नाही, मग तीनला बाहेर काढून हाताला कशाला टोचवायची? आत डायाफ्लेक्स नावाच्या मिश्रधातूची न तुटणारी मेन स्प्रिंग आणि बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणारी डायाशॉक योजना.

आज हे वाचून विशेष वाटणार नाही. पण त्या काळात वार-तारखेचं ऑटोमॅटिक म्हणजे पैसेवाल्यांची चीज होती. सिकोने ते शाळामास्तर, कारकून, ड्रायव्हर यांच्या मनगटावर आणलं, आणि असं आणलं की बऱ्याच लोकांनी ते वीस वर्षं उघडलंसुद्धा नाही. (ते बरोबर नाही, खाली सांगतो.)

मग ही घड्याळं मागे का पडली?

सिकोनेच मागे पाडली. २५ डिसेंबर १९६९ ला सिकोने अॅस्ट्रॉन आणलं, बाजारात आलेलं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या गाडीएवढी, आणि चूक महिन्याला पाच सेकंद. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक, त्याला सेलमधून वीज दिली की तो ठरलेल्या वेगाने थरथरतो. आजच्या क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा. सिको फाईव्हचा बॅलन्स सेकंदाला सहा, आणि हा बत्तीस हजार, म्हणजे अचूकपणात लढाईच नाही.

दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या धंद्यातली माणसं १९७० च्या आसपास नव्वद हजारांच्या घरात होती ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीस-पस्तीस हजारांवर आली. आपल्याकडे टायटन १९८७ ला क्वार्ट्झ घेऊनच बाजारात उतरलं आणि एचएमटीला ते फार जड गेलं. पण सिकोने फाईव्ह बंद केलं नाही, हे लक्षात घ्या. जिथे सेल सहज मिळत नाही, जिथे घड्याळ घेणारा माणूस दर दोन वर्षांनी दुकानात जाणार नाही, तिथे हे विकलं जातच राहिलं, आखाती देश, आफ्रिका, आग्नेय आशिया आणि आपण.

बडोद्यात ही घड्याळं आली कशी?

एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्याच सिटिझनच्या मदतीने घड्याळं सुरू केली, म्हणून सिटिझनचं तंत्र आपल्याकडे कारखान्यातून आलं. सिको आलं बॅगांमधून. बाहेरच्या वस्तूंवर तेव्हा कडक बंधनं आणि भारी कर होते, आणि सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशावर आखातात कामं निघाली तशी गुजरात, कोकण, केरळची माणसं तिकडे गेली. सुट्टीवर येताना बॅगेत टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र), अत्तर आणि एक-दोन सिको फाईव्ह असायचीच, एक स्वतःच्या हातावर, एक भावासाठी नाहीतर जावयासाठी.

याची खूण घड्याळातच सापडते. सिको फाईव्हच्या वाराच्या चकतीवर दोन भाषा असतात, एक इंग्रजी आणि दुसरी ज्या बाजारासाठी घड्याळ पाठवलं तिथली. चावीने वार पुढे सरकवत बघा, मध्येच अरबी अक्षरं आली तर तुमचं घड्याळ बहुधा आखातातल्या दुकानातून आलंय. स्पॅनिश आली तर प्रवास वेगळा.

ऑनलाईनची रंगीत घड्याळं: खरी की खोटी?

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच जातात.

ती घड्याळं सहसा पूर्ण खोटी नसतात. आतलं मशीन बहुतेक वेळा खरंच सिकोचं असतं. काय होतं की भंगारात, जुन्या बाजारात मेलेली घड्याळं मिळतात, एकाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे असं जमवून एक चालतं घड्याळ करतात. केसला पॉलिशच्या चाकावर घासून चमक देतात, त्यात तिच्या कारखान्याच्या धारदार कडा गोल होऊन जातात. आणि डायल खराब असते म्हणून तिच्यावर नवा रंग मारून नावं परत छापतात. जगभरचे संग्राहक याला मुंबई स्पेशल म्हणतात.

आता "त्यात वाईट काय, दिसतं तर छान" असं कुणी म्हणेल. हे काम करणाऱ्या हातांबद्दल मला आदरच आहे, सुटे भाग मिळत नसताना मेलेलं मशीन चालू करणं हे साधं कौशल्य नाही. आणि तुम्हाला माहीत असून आवडलं म्हणून घेत असाल तर खुशाल घ्या. चुकीचं आहे ते त्याला ओरिजिनल विंटेज म्हणून विकणं. कारण डायल एकदा खरवडून रंगवली की तिचा जुना रंग, कारखान्याची छपाई, पन्नास वर्षांच्या उन्हाने आलेला पिवळेपणा, सगळं गेलं, परत येत नाही. शिवाय रंगाची धूळ आणि घाईत केलेलं ऑइलिंग आत मशीनमध्ये उतरलं की काही महिन्यांत घड्याळ थांबतं ते वेगळंच.

आणि उलटही लक्षात ठेवा, प्रत्येक रंगीत डायल खोटी नसते. सत्तरच्या दशकात सिकोने स्वतःच निळ्या, हिरव्या, तपकिरी, लालसर छटांच्या फार देखण्या डायली केल्या होत्या. म्हणून नुसत्या रंगावरून ठरवू नका.

मग ओळखायचं कसं?

तीन ठिकाणचा एकच नंबर जुळवायचा. मागच्या झाकणावर दोन चार-चार आकडी नंबर असतात, मध्ये आडवी रेघ. पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा नंबर, उदाहरणार्थ ६११९, ७००९ किंवा ७एस२६, पुढचे चार केसचा. तोच नंबर झाकणाच्या आत मशीनवर कोरलेला असतो. आणि डायलच्या अगदी खाली, सहाच्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा बारीक अक्षरात जपान आणि परत तोच नंबर. तिन्ही जुळले तर बऱ्यापैकी निश्चिंत व्हा. रंगवलेल्या डायलीवर ही खालची ओळ बहुतेक वेळा गायब असते किंवा फिसकटलेली असते, कारण एवढं बारीक छापणं छोट्या जागेत जमत नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक डायलींवर सहाच्या वर सुवा किंवा दाइनीची इवलीशी खूणही असते, रंगवणारे ती हमखास विसरतात.

झाकणावर आणखी एक सिरीयल नंबर असतो आणि त्यात घड्याळाची जन्मतारीख असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. समजा ६११९ मशीन आहे आणि सिरीयल १एन ने सुरू होतो, तर नोव्हेंबर १९७१. दशक मशीनच्या नंबरावरून कळतं, ६११९ साठच्या शेवटापासून सत्तरच्या दशकातलं, ७एस२६ १९९६ पासूनचं. ७००९ मात्र सत्तरच्या शेवटापासून नव्वदीपर्यंत बनत होतं, त्यात ८ ने सुरू झालं तर १९७८ की १९८८ हे केसचा नंबर बघून ठरवावं लागतं. झाकणावर वॉटर प्रूफ लिहिलेलं असेल तर ते साधारण १९७० पर्यंतचं, नंतर वॉटर रेझिस्टंट लिहायला लागले.

ऑनलाईन विकणाऱ्याकडे या तिन्ही जागांचे फोटो मागा. झाकण उघडून मशीनचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

पण रोज पुढे-मागे होतं, मग काय उपयोग?

होतं, खरंय. दिवसाला दहा-वीस सेकंदांचा फरक जुन्या सिकोत अगदी नॉर्मल आहे, थोडा जास्तही चालतो. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. वीस सेकंद चुकलं म्हणजे ०.०२३ टक्के चूक, आणि तीही सेल नाही, चिप नाही, नुसत्या स्प्रिंग आणि चाकांवर, उन्हाळ्यात ४२ डिग्रीत आणि हिवाळ्याच्या पहाटे. मला हे कमी वाटत नाही. आठवड्यातून एकदा वेळ मिळवली की झालं.

अचानक रोज पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर मात्र वेगळी गोष्ट. स्पीकर, मोबाईलच्या फ्लिप कव्हरचं किंवा पर्सचं चुंबक जवळ आलं की हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्स छोटे झोके घेत पळायला लागतो. घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं छोटं मशीन असतं, काम काही सेकंदांचं आहे, यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर आधी चुंबकाचं विचारा.

घरात एखादं पडलंय, आता काय करू?

आधी ते हलवून हलवून चालू करायचा मोह टाळा. कपाटात वीस वर्षं पडलेल्या घड्याळातलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, कोरड्या माणकात दांड्या फिरल्या की टोकं घासतात. एकदा थोडं हलवून चालतं का बघणं ठीक, रोज घालणं नाही. तसंच जुन्या सिको फाईव्हपैकी बहुतेकांना चावीने भरता येतच नाही, म्हणून चावी फिरवून "काही होत नाही, बिघडलंय" असं समजू नका. सर्व्हिसिंग झाल्यावर घड्याळ आडवं धरून हलकेच डावी-उजवीकडे झुलवायचं, पंधरा-वीस वेळा, मग घालायचं, बाकी हाताच्या हालचालीने भरतं.

वार-तारीख रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये बदलू नका, त्या वेळात तारीख सरकवणारे दात आधीच गुंतलेले असतात आणि जबरदस्ती केली की मोडतात. आधी काटे सकाळच्या सहा-सातवर न्या, मग बदला. ६११९ मध्ये तारखेसाठी चावी ओढायची नसते, दाबायची असते, अर्धी दाबली तर तारीख, पूर्ण दाबली तर वार. अनेक जण ओढून ओढून चावी मोडतात.

पाण्यापासून लांब ठेवा, झाकणावर काहीही लिहिलेलं असो. आतली रबराची रिंग कधीच कडक होऊन गेलेली असते, आपल्याकडच्या पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही काचेच्या आत धुकं धरतं, आणि तिथून गंज सुरू होतो.

सर्व्हिसिंगचा खर्च कधीकधी घड्याळाच्या बाजारभावाएवढा निघतो, हे खोटं नाही. फक्त विकायचं म्हणून करणार असाल तर हिशोब बसणार नाही, तसंच विका. घालायचं असेल, मुलाला द्यायचं असेल तर करा, आणि पुढे दर चार-पाच वर्षांनी करत राहा. माणूस असा शोधा जो मशीन पूर्ण सोडून, धुऊन, नवं तेल घालतो. नुसतं झाकण उघडून तेलाचा थेंब सोडणारे असतात, त्याने घड्याळ दोन महिने छान चालतं आणि मग जुनी घाण नव्या तेलात कालवून बसते.

देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या: केसला पॉलिश नको, काटे बदलायचे नाहीत, डायलला हात लावायचा नाही, डाग आहे तर असू दे. काच बदलली तर चालेल. जे भाग बदलतील ते जुने परत मागून घ्या, आणि घड्याळ देण्याआधी डायलच्या खालच्या ओळीचा आणि मागच्या झाकणाचा फोटो काढून ठेवा.